चिठ्ठीवरचा क्रमांक

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सर्वांत वर नाव असते, त्याखाली पदव्या, मग दवाखान्याच्या वेळा. त्यांच्या आसपास, बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत, 'रजि. नं.' असे लिहून एक क्रमांक छापलेला असतो. महाराष्ट्रातल्या अलीकडच्या एमबीबीएस डॉक्टरांचा असेल तर तो तीन तुकड्यांत असतो: आधी वर्ष, मग महिना, मग अनुक्रमांक. जुन्या डॉक्टरांचा नुसताच पाच आकडी. आयुर्वेदाच्या वैद्यांचा 'आय' या अक्षराने सुरू होतो. चिठ्ठीवरची औषधे आपण दुकानदाराकडून समजून घेतो, पदव्या पाहून मनातल्या मनात डॉक्टरांची पायरी ठरवतो. क्रमांकाकडे नजर जात नाही. वास्तविक त्या कागदावर रुग्णाच्या हक्काचे असे काही असेल तर तो क्रमांकच. पदवी विद्यापीठाने दिलेली असते. क्रमांक देणारी संस्था मात्र कायद्याने तुमच्या-माझ्यासाठी उभी केलेली आहे, आणि दिलेला क्रमांक काढून घेण्याचा अधिकारही तिलाच आहे.

ही संस्था म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, सरकारी मराठीत महाराष्ट्र वैद्यक परिषद. तिच्या बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतात. परिषदेची निवडणूक लांबली, प्रशासकाला मुदतवाढ मिळाली, नूतनीकरण न केलेल्या डॉक्टरांना नोटिसा गेल्या, कुणाची नोंदणी तीन महिन्यांसाठी निलंबित झाली. डॉक्टरांच्या आपसांतल्या गोष्टी असतील असे समजून वाचक पान उलटतो. माझे म्हणणे असे की या बातम्या रुग्णाच्या आहेत. यादीत कुणाला घेतले, कुणाला बाहेर ठेवले, यादी कुणाच्या ताब्यात आहे आणि तिच्याविरुद्ध दाद कुणाला मागता येते, या चार प्रश्नांची उत्तरे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलली, आणि प्रत्येक बदलाचा भार शेवटी खाटेवरच्या माणसावर पडला.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली. भाऊ दाजी लाड त्या तुकडीतले. त्यांच्या काळी शहरात डॉक्टर म्हणून पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नसे. कॉलेजचा पदवीधर, लष्करातून निवृत्त झालेला हॉस्पिटल असिस्टंट, कंपाउंडरकी करता करता शिकलेला माणूस, घराण्यात वैद्यकी असलेला वैद्य किंवा हकीम, सगळे एकाच वस्तीत रुग्ण पाहत. कोण काय शिकला आहे हे ऐकीव माहितीवरून ठरे. इंग्लंडमध्येही परिस्थिती फार वेगळी नव्हती. तिथे १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाली आणि डॉक्टरांची अधिकृत नोंदवही सुरू झाली. त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच हेतू सांगितला आहे: उपचाराची गरज असलेल्या माणसाला शिकलेला डॉक्टर आणि न शिकलेला यांतला फरक ओळखता यावा. म्हणजे नोंदवहीची कल्पना जन्मली तीच रुग्णाच्या बाजूने, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मुंबई इलाख्यात तसा कायदा यायला १९१२ साल उजाडले. 'बॉम्बे मेडिकल ॲक्ट'ने परिषद आणि नोंदवही दोन्ही आणली. पण नोंद नसलेल्याला उपचार करण्याची बंदी त्या कायद्यात नव्हती. सरकारी नोकरी, कायद्याला चालणारा दाखला असे काही अधिकार तेवढे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी राखले गेले. प्रत्यक्ष बंदीची पावले १९३८ च्या 'बॉम्बे मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट'ने पडली. बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते आणि आरोग्य खाते स्वतः नामवंत डॉक्टर असलेल्या मंचरशा गिल्डरांकडे होते. या कायद्याने वैद्य-हकिमांसाठीही वेगळी नोंदवही उघडली. एका राज्यात एकाहून अधिक वैद्यकीय नोंदवह्या असण्याची आपली रीत तिथे सुरू झाली. तिचे परिणाम आजही चालू आहेत, त्याकडे पुढे येऊ.

त्याआधी एक भांडण सांगितले पाहिजे, कारण भारताची पहिली अखिल भारतीय परिषद त्यातून निघाली. मुंबई, कलकत्ता, मद्रास या विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने मान्य केलेल्या होत्या. पहिल्या महायुद्धानंतर कौन्सिलने आक्षेप घेतला तो बाळंतपणाच्या शिक्षणावर. प्रत्येक विद्यार्थ्याने ठरावीक संख्येने प्रसूती प्रत्यक्ष हाताळलेल्या असाव्यात, हा तिचा आग्रह. आपल्याकडे बाया घरी, सुईणीच्या हाती बाळंत होत. परक्या पुरुषांच्या देखत इस्पितळात जाण्याची कल्पनाही त्यांना सहन होत नसे. विद्यार्थ्यांना तेवढ्या प्रसूती मिळणार कुठून? कौन्सिलने तपासणीसाठी माणसे पाठवली, सरकारने तिच्या समाधानासाठी एक खास अधिकारी नेमण्याची तयारी दाखवली, आणि इथल्या डॉक्टरांनी व लोकप्रतिनिधींनी विचारले की आमच्या कॉलेजांचा दर्जा लंडनने का ठरवावा. हा काळही लक्षात घ्या. १९२६ मध्ये मुंबईत सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज उभे राहिले होते, आणि तिथले अध्यापक भारतीयच असावेत ही देणगीदारांची अट होती. अशा हवेत ताणाताणी वाढली आणि १९३० मध्ये लंडनने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली.

एका अर्थी आक्षेप खोटा नव्हता. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या भयंकर होती आणि डॉक्टरांना त्या कामाचा सराव कमी होता. पण आक्षेपाची मांडणी साम्राज्याच्या दिमाखात झाली, म्हणून उत्तरही स्वाभिमानाचे मिळाले. १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल ॲक्ट आला, पुढच्या वर्षी मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया कामाला लागली आणि १९३६ पर्यंत लंडनशी समेटही झाला. या सगळ्या धामधुमीत भारतीय बाळंतिणीचा मूळ प्रश्न मागे पडला. नियामक संस्थांच्या इतिहासात हे वारंवार होते. वाद प्रतिष्ठेचा होतो आणि ज्याच्यासाठी वाद सुरू झाला तो माणूस कागदपत्रांतून नाहीसा होतो.

नव्या परिषदेने आणखी एक गोष्ट केली, तिची आठवण आज फार थोड्यांना आहे. तिच्या कक्षेत आले फक्त विद्यापीठाचे पदवीधर. त्या वेळी देशात एलसीपीएस, एलएमपी अशी परवानापत्रे घेतलेले लायसेन्शिएट डॉक्टर पदवीधरांपेक्षा जास्त होते. जुन्या मराठी तालुक्याच्या गावी बाजारपेठेत ज्यांचा दवाखाना असे, रात्री-अपरात्री टांग्यातून जाऊन जे रुग्ण पाहत, ते बहुतेक हेच. प्रांतांच्या नोंदवहीत त्यांची नावे होती. अखिल भारतीय मान्यतेत मात्र त्यांना जागा नव्हती. या अन्यायाविरुद्ध ते वर्षानुवर्षे भांडले. १९४६ मध्ये भोर समितीने तोडगा सुचवला: दोन दर्जांचे डॉक्टर घडवू नका, सर्वांसाठी एकच किमान पात्रता ठेवा. स्वतंत्र भारताने तो मानला. लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद झाले, एमबीबीएस हा एकच दरवाजा राहिला आणि १९५६ च्या कायद्याने परिषदेची नव्याने बांधणी झाली. निर्णय तत्त्वाने बरोबर होता असे मी मानतो. पण खेड्यात जाणारा डॉक्टर त्याने कमी केला, हेही तितकेच खरे आहे. ती रिकामी जागा भरण्यासाठी पुढे जे जे झाले, त्यातून आजचे बहुतेक वाद उगवले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर मुंबई इलाख्याचा, विदर्भाचा आणि मराठवाड्याचा असे डॉक्टर-नोंदणीचे तीन निरनिराळे कायदे हाती होते. १९६५ च्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ॲक्टने ते एकत्र केले. आयुर्वेद-युनानीची परिषद वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, दंतवैद्यांची वेगळी, परिचारिकांची वेगळी. पाटीवर मात्र सगळ्यांच्या नावाआधी 'डॉ.' लिहिलेले. कोण कुठल्या नोंदवहीत आहे हे फक्त तो क्रमांक सांगतो.

या वेगवेगळ्या नोंदवह्यांचा अर्थ काय, हे सर्वोच्च न्यायालयाने एका मुंबईकर कुटुंबाच्या दुःखातून स्पष्ट केले. जुलै १९९२ मध्ये एक तरुण नोकरदार तापाने आजारी पडला. घराजवळच्या ज्या डॉक्टरांकडे तो गेला त्यांची पात्रता होमिओपॅथीची होती. त्यांनी आधी विषाणूजन्य ताप समजून आणि मग टायफॉइड समजून ॲलोपॅथीची औषधे दिली. प्रकृती ढासळत गेली, रुग्णाला एका नर्सिंग होममधून मोठ्या इस्पितळात हलवले आणि तिथे काही तासांतच त्याचा मृत्यू झाला. पत्नीने ग्राहक आयोगाकडे दाद मागितली; तिथे हार झाली, तरी ती थांबली नाही. मे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्या वैद्यकपद्धतीचे शिक्षण नाही आणि ज्या पद्धतीच्या नोंदवहीत नाव नाही, तिची औषधे देणे हाच मुळात निष्काळजीपणा आहे. तो वेगळा सिद्ध करावा लागत नाही. तीन लाख रुपयांची भरपाई मिळाली. रक्कम लहान वाटेल, पण त्या निकालाने नोंदवहीला अर्थ दिला. कुठल्या वहीत नाव आहे, हा प्रश्न जीवन-मरणाचा असू शकतो हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले.

आता २०१४ कडे या. महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली: होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला, तर त्यांना ॲलोपॅथीची औषधे देता येतील. तो अभ्यासक्रम, बोलीत 'सीसीएमपी', नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत चालतो. इंडियन मेडिकल असोसिएशनने लगेच मुंबई उच्च न्यायालय गाठले. दरम्यान अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि त्यांनी विचारले, आमची नोंद कुठे? जून २०२५ च्या अखेरीस मेडिकल कौन्सिलने या डॉक्टरांसाठी वेगळी नोंदवही उघडण्याची सूचना काढली. ॲलोपॅथी डॉक्टरांनी विरोध केला, जुलैत ती सूचना मागे पडली. सप्टेंबरच्या सुरुवातीला सरकारने नोंदणी करण्याचा आदेश पुन्हा दिला आणि १८ सप्टेंबरला राज्यभरच्या डॉक्टरांनी एक दिवसाचा बंद पाळला.

या वादात दोन्ही बाजूंना एकमेकांविषयी राग आहे, आणि दोन्हींकडे खऱ्या गोष्टी आहेत. गडचिरोली-नंदुरबारच्या कित्येक गावांत दिवे लागल्यावर भेटणारा डॉक्टर एमबीबीएस नसतो, हे कुणीही नाकारू शकत नाही. एका वर्षात औषधशास्त्र शिकून निदानाचे पाच वर्षांचे शिक्षण भरून निघत नाही, हेही नाकारता येत नाही. १९९२ च्या त्या रुग्णाचे मरण औषधाच्या माहितीअभावी झाले की रोग न ओळखल्यामुळे, हा प्रश्न इथे विचारलाच पाहिजे. सरकारला खेड्यांत ही व्यवस्था चालवायचीच असेल, तर त्या डॉक्टरांनी कोणती औषधे द्यावीत, कोणत्या टप्प्यावर रुग्ण पुढे पाठवावा आणि चूक झाल्यास त्यांची चौकशी कुठली परिषद करील, हे आधी लिहून द्यावे. नोंदवही वेगळी असली तरी तिच्यातला क्रमांक रुग्णाला वाचता आला पाहिजे. लायसेन्शिएट डॉक्टरांच्या वेळी देशाने दोन दर्जे नाकारले होते. आता दुसरा दर्जा आणायचा असेल तर तो उघडपणे, रुग्णाला सांगून आणावा.

दिल्लीतल्या घडामोडी थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. एप्रिल २०१० मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या अध्यक्षांना, पंजाबातल्या एका कॉलेजच्या मान्यतेसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून, सीबीआयने अटक केली. पुढच्याच महिन्यात सरकारने परिषद बाजूला सारली. काही वर्षांनी ती परत आली, आणि मार्च २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्या कारभारावर अत्यंत कडक अहवाल दिला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांची देखरेख समिती नेमली. २०१८ च्या वटहुकमाने परिषद बरखास्त झाली, २०१९ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनचा कायदा संमत झाला आणि २५ सप्टेंबर २०२० पासून कमिशनने कारभार हाती घेतला. जुन्या परिषदेत डॉक्टरांनी निवडून दिलेल्या सदस्यांचे प्राबल्य होते. नव्या ३३ सदस्यांच्या कमिशनमध्ये बहुतेक नेमलेले किंवा पदसिद्ध आहेत. निवडणुकीने भ्रष्टाचार आणला हे सरकारचे म्हणणे, नेमणुकीने स्वायत्तता गेली हे डॉक्टरांचे. महाराष्ट्राची परिषदही अलीकडे बराच काळ प्रशासकाच्या हाती राहिली आहे. मला यात खटकते ते वेगळेच. निवडलेले असोत वा नेमलेले, बसणारे जवळजवळ सगळे डॉक्टर आणि अधिकारी. इंग्लंडच्या जनरल मेडिकल कौन्सिलमध्ये आज निम्मे सदस्य डॉक्टर नसलेले, समाजातले लोक असतात. आपल्याकडे उपचार घेणाऱ्यांचा प्रतिनिधी या टेबलावर जवळपास नसतोच, आणि त्याची मागणीही फारशी कुणी करत नाही.

ही मागणी किती गरजेची आहे ते २०२३ च्या ऑगस्टने दाखवले. २ तारखेला कमिशनने डॉक्टरांच्या आचाराचे नवे नियम राजपत्रात छापले: औषधे जेनेरिक नावानेच लिहावीत, दर पाच वर्षांनी शिक्षणाचे ३० गुण मिळवावेत, समाजमाध्यमांवर काय लिहावे आणि काय लिहू नये. देशभर गदारोळ झाला. जेनेरिक औषधांच्या गुणवत्तेची हमी कोण देणार, हा डॉक्टरांचा प्रश्न रास्त होता; औषध कंपन्यांच्या प्रायोजकत्वावर आलेली बंधनेही अनेकांना नको होती. २३ तारखेला नियम स्थगित झाले. तीन आठवड्यांत आले आणि गेले. रुग्णांच्या खिशाशी थेट संबंध असलेल्या नियमांची चर्चा रुग्णांशिवायच आटोपली. तेव्हापासून पुन्हा २००२ चे जुने नियम लागू आहेत.

ते जुने नियम मात्र वाचण्यासारखे आहेत. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा, आणि प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर व पैशांच्या पावतीवर लिहावा. मान्यता असलेल्या पदव्याच नावापुढे लावाव्यात. दाखल रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपावीत, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावीत. परिषदेकडे आलेल्या तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू होत असताना आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी फोनवरून दिलेल्या सल्ल्यालाही हीच अट लावली: चिठ्ठी मोबाइलवर आली तरी तिच्यावर क्रमांक हवा. क्रमांक हाती आला की तो परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून नाव, पात्रता आणि नोंदणी चालू आहे की नाही हे पाहता येते. २०२५ पासून दवाखान्यात लावण्यासाठी क्यूआर कोडही देण्यास परिषदेने सुरुवात केली आहे. महाराष्ट्रात नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात, त्यामुळे 'चालू' या शब्दामागे डॉक्टरांचा थोडाफार अभ्यासही असतो.

तक्रार कुणालाही करता येते. वकील लागतोच असे नाही. परिषद भरपाई देत नाही, त्यासाठी ग्राहक आयोग आहे. परिषद फक्त एवढेच ठरवते की या डॉक्टरांचे वागणे व्यवसायाला शोभणारे होते की नाही, आणि नसेल तर समज द्यायची, काही काळ नाव काढायचे की कायमचे. अनेक कुटुंबांना पैशांपेक्षा हेच उत्तर हवे असते. आपले माणूस गेले त्यात चूक झाली होती का, एवढे कुणीतरी जाणकाराने स्पष्ट सांगावे.

आणि नेमके इथे २०१९ च्या कायद्याने एक दार लावून घेतले. आधी राज्य परिषदेचा निर्णय पटला नाही तर डॉक्टर आणि तक्रारदार दोघांनाही ६० दिवसांत दिल्लीच्या परिषदेकडे अपील करता येत असे. नव्या कायद्याच्या कलम ३० मध्ये अपिलाचा हक्क लिहिला आहे तो डॉक्टरांचा: आधी कमिशनच्या नीती व नोंदणी मंडळाकडे, तिथेही समाधान झाले नाही तर कमिशनकडे. रुग्णाचा उल्लेख तिथे नाही, आणि या कारणावरून कमिशनने रुग्णांची अपिले परत पाठवली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, त्यात रुग्णाला आणि नातेवाइकांना हा हक्क परत देण्याची तरतूद होती. मसुदा संमत झाला नाही. कायदा बदलेपर्यंत असमाधानी कुटुंबापुढे उच्च न्यायालयात रिट करण्याचा रस्ता उरतो, आणि तो साताऱ्याच्या किंवा हिंगोलीच्या शेतकरी घराला किती परवडतो हे सांगायला नको.

म्हणून राज्य परिषदेपुढची पहिली सुनावणी हीच बहुतेकांची एकमेव सुनावणी ठरते. तिच्यासाठी लागणारे कागद इस्पितळातून बाहेर पडण्याआधीच मागावेत: केसपेपरची प्रत, नर्सेसच्या नोंदींचा तक्ता, संमतिपत्र, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड, आणि उपचार केलेल्या प्रत्येक डॉक्टरांचे नाव त्यांच्या नोंदणी क्रमांकासह. अर्ज लेखी द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्यावा. ७२ तास त्या शिक्क्यापासून मोजता येतात.